दुतोंडी पक्षी आणि एक बोधवाक्य

काही वर्षांपूर्वी म्हैसूरच्या मानसगंगोत्री परिसरात भाषांतरविद्येचा एक अभ्यासवर्ग भरला होता. आठदहा भारतीय भाषांतून आलेल्या तरुण विद्यार्थ्यांना मी पहिल्याच दिवशी एक सोपा वाटणारा पाठ दिला. आपल्या राष्ट्रचिन्हांपैकी तुम्हाला आवडणारे एक निवडा आणि त्याचा अर्थ आपल्या भाषेत पाच वाक्यांत सांगा, एवढेच. अपेक्षेप्रमाणे मोराला सर्वाधिक मते पडली. त्याच्या खालोखाल वाघ आणि मग कमळ. १९६३ साली मोर राष्ट्रीय पक्षी ठरला, तेव्हा सलीम अली यांचा कौल माळढोकाच्या बाजूने होता, ही गोष्ट मी सांगितली तेव्हा वर्गात थोडी खसखस पिकली. माळढोक पाहिलेला त्या वर्गात कोणी नव्हता. वाघाची निवड करणाऱ्यांना मी विचारले की, येथून दहाबारा मैलांवर श्रीरंगपट्टण आहे, तेथे टिपूने वाघाला कोणता अर्थ दिला होता? सैनिकांच्या अंगरख्यावरचे पट्टे आणि सिंहासनावरची व्याघ्रमुखे ही १७९९ पर्यंत एका राज्याची खूण होती. आज राष्ट्राचा वाघ आणि टिपूचा वाघ एकच काय? उत्तर आले नाही, आणि ते त्यांच्या वयात येण्याची अपेक्षाही नव्हती. परंतु वर्ग सुटता सुटता ओडिशाची एक विद्यार्थिनी मला म्हणाली, “सर, तुमचे आवडते चिन्ह कोणते, ते तुम्ही सांगितलेच नाही.” मी वेळ मारून नेली. तिला द्यावयाचे उत्तर हे असे उशिरा आणि पाच वाक्यांपेक्षा पुष्कळच लांबले आहे.

माझी निवड राजमुद्रेची आहे, पण तिच्यातील सिंहांची नव्हे. सारनाथला १९०५ साली उत्खननात सापडलेले ते शीर्ष शिल्प म्हणून अद्वितीय आहे, आणि २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताकाने ते स्वीकारले तेव्हा एका फार जुन्या घराला पुन्हा जाग आल्यासारखे झाले असणार. मला मोह पडतो तो त्या सिंहांच्या पायाशी असलेल्या देवनागरीतल्या ओळीचा. तीनच पदांची ती ओळ आहे : सत्यम्, एव, जयते. आणि ती मला सर्वाधिक अर्थपूर्ण वाटते ती दिल्लीच्या कागदावर नव्हे, तर कर्नाटक राज्याच्या मुद्रेवर. तेथे तांबड्या ढालीवर पांढरा गंडभेरुंड आहे, वर सारनाथचे सिंह आहेत, दोन्ही बाजूंना सिंहाच्या धडावर हत्तीचे मुख असलेले गजकेसरी उभे आहेत, आणि सगळ्यांच्या खाली ही ओळ आहे. एका संस्थानाची मुद्रा आणि एका प्रजासत्ताकाची मुद्रा तेथे एकमेकींवर उभ्या आहेत. त्यांच्यामध्ये काय घडले, हा माझ्या कुतूहलाचा विषय आहे.

या कुतूहलाला खाजगी कारणही आहे, ते सांगून टाकणे बरे. माझा जन्म निपाणीचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचे गाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. पुढे १९७३ साली त्याच तारखेला त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. आमच्या घरात त्या दिवशी गोडधोड होत नसे. १९७१ साली मराठी शाळेतून मला एक दाखला मिळाला. त्याच्या माथ्यावर हा दोन डोक्यांचा पक्षी होता. मी तो कौतुकाने वडिलांना दाखवला. त्यांनी चष्मा चढवून पाहिले आणि एवढेच म्हणाले, “दुतोंडी आहे.” मराठीत या शब्दाला किती वाईट वास आहे, हे सांगावयास नको. मांडूळ दुतोंडी, चहाडखोर दुतोंडी, शब्द फिरवणारा पुढारी दुतोंडी. पुढे कित्येक वर्षे मी तो पक्षी वडिलांच्या डोळ्यांनीच पाहत आलो. सीमाभागातील माणसाला राज्याची मुद्रा प्रथम भेटते ती तलाठ्याच्या दप्तरात आणि कचेरीच्या नोटिशीवर. तिचे सौंदर्य पाहण्याइतकी उसंत तेथे नसते.

तो पक्षी मला दुसऱ्या डोळ्यांनी दिसू लागला तो भारुडामुळे. एकनाथांच्या भारुडांवर काम करीत असताना ‘भारूड’ या शब्दाच्या व्युत्पत्तीपाशी मी अडखळलो. बहुरूढ, म्हणजे लोकांत फार रूढ झालेले, ते भारूड, ही व्युत्पत्ती बहुतेक अभ्यासक ग्राह्य मानतात. पण तिच्या शेजारी आणखी एक व्युत्पत्ती सांगितली जाते : भारुंड हा दोन मुखांचा पक्षी आणि त्याच्याप्रमाणे दोन अर्थ एकाच वेळी बोलणारी रचना ते भारूड. भाषाशास्त्राच्या तराजूत ही दुसरी व्युत्पत्ती हलकी भरते, हे मी मान्य करतो. तरीही ज्या कोणाला ती प्रथम सुचली त्याची काव्यदृष्टी अचूक होती. विंचू चावल्याची ओरड करणारे पात्र एका तोंडाने गावच्या चव्हाट्यावर हसे पिकवते आणि दुसऱ्या तोंडाने काम-क्रोधाचे विष सांगते. दोन्ही तोंडे खरे बोलतात. दुतोंडीपणा म्हणजे लबाडीच असे नाही, हे मला वडिलांना सांगावयाचे राहून गेले.

भारुंडाची कुळकथा मोठी आहे. पंचतंत्रात तो एकच पोट आणि दोन माना असलेला पक्षी आहे. एका मुखाला अमृतासारखे फळ मिळाले, त्याने दुसऱ्याला दिले नाही. अपमानित झालेल्या दुसऱ्याने विषफळ खाल्ले, आणि पोट एकच असल्याने दोघेही मेले. जैन परंपरेत मात्र हाच पक्षी सावधपणाचा आदर्श आहे. उत्तराध्ययनसूत्रात साधूने भारंड पक्ष्यासारखे अप्रमत्त राहावे असा उपदेश आहे, आणि कल्पसूत्रात महावीरांच्या सावधपणाला याच पक्ष्याची उपमा दिली आहे. म्हणजे एका परंपरेत दोन मुखे विनाशाचे कारण, तर दुसरीत जागरूकतेचे. एखाद्या चिन्हाचा ‘मूळ अर्थ’ शोधणाऱ्यांनी येथे जरा थबकावे.

दगडात हा पक्षी अवतरतो तेव्हा त्याला गंडभेरुंड हे भारदस्त नाव मिळालेले असते आणि त्याचा स्वभावही बदललेला असतो. शिमोगा जिल्ह्यातील बळ्ळिगावी येथे १०४७ सालचा एक उंच स्तंभ आहे. त्याच्या माथ्यावर माणसाचे धड आणि पक्ष्याची दोन मस्तके असलेला भेरुंड आहे. तो उभारणारा चामुंडराय हा कल्याणीच्या चालुक्यांचा मांडलिक होता. त्या चालुक्यांचे राज्य आजच्या कर्नाटकाप्रमाणे महाराष्ट्राच्या मोठ्या भागावरही होते, तेव्हा तो स्तंभ कोणाच्या वारशात मोडतो, हा प्रश्न त्याच्या काळात कोणाला सुचलाही नसता. बेलूरच्या १११७ सालच्या चेन्नकेशव मंदिरात एक विलक्षण शिल्प आहे. हरणाला अजगर गिळतो आहे, अजगराला हत्तीने, हत्तीला सिंहाने, सिंहाला शरभाने आणि शरभाला गंडभेरुंडाने धरले आहे. आणि हे सारे एक ऋषी आश्चर्याने पाहतो आहे. वाटाडे या शिल्पाकडे हमखास बोट दाखवतात. मला त्यात भेरुंडापेक्षा तो ऋषी महत्त्वाचा वाटतो. कलावंताने आपली जागा तेथे राखून ठेवली असावी.

या साखळीमागे शैव आणि वैष्णवांची जुनी चढाओढ आहे. विष्णूने नरसिंह होऊन हिरण्यकशिपूला मारले. त्याचा क्रोध शमेना म्हणून शिवाने शरभरूप घेऊन त्याला आवरले, असे शैव पुराणे सांगतात. वैष्णवांना हे कसे रुचावे? त्यांनी विष्णूला गंडभेरुंड करून शरभावर सोडले. ही कथा ऐकताना मला नेहमी पंढरपूर आठवते. विठ्ठलाने आपल्या मस्तकी शिवलिंग धारण केले आहे, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. एकाच्या पंजात दुसरा देण्याऐवजी एकाच्या माथ्यावर दुसरा ठेवण्याची ही तोड अधिक शहाणपणाची. असो; येथे माझा पक्षपात वाचकांनी गृहीत धरावा.

विजयनगरच्या अच्युतरायाने सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या पादात सोन्याच्या नाण्यांवर गंडभेरुंड आणला. चोचींत आणि नखांत हत्ती धरलेला तो पक्षी म्हणजे निखळ सत्तेची भाषा आहे. याच अच्युतरायाच्या राजवटीत, १५३३ च्या सुमारास, पैठणला एकनाथांचा जन्म झाला. त्यांचे पणजोबा भानुदास यांनी विजयनगरला नेलेली विठ्ठलमूर्ती पंढरपुरास परत आणली, अशी परंपरा आहे. कृष्णदेवराय गादीवर आला १५०९ साली आणि भानुदासांचे निधन १५१३ चे मानले जाते, तेव्हा ही कथा इतिहास म्हणून घ्यावयाची तर अवघी चार वर्षे हाती उरतात. पण मूर्ती गेली असो वा नसो, पैठण आणि हंपी यांना जोडणारी वाट लोकांच्या मनात होती, एवढे त्या परंपरेवरून निश्चित म्हणता येते. महाराष्ट्रातील काही किल्ल्यांच्या दरवाजांवर गंडभेरुंड कोरलेला आढळतो, तोही याच वाटेने आला असेल.

रोमन साम्राज्याचा वारसा सांगणाऱ्या बायझंटिनी सम्राटांपासून रशिया, ऑस्ट्रिया, अल्बानियापर्यंत दोन डोक्यांचा गरुड पसरलेला आहे, आणि तक्षशिलेजवळ सिरकपच्या अवशेषांतही तो दिसतो. यावरून चिन्हांच्या प्रवासाचे नकाशे काढणारे विद्वान आहेत. मला तो उद्योग फारसा फलदायी वाटत नाही. पश्चिमेचा गरुड पूर्व-पश्चिम दोन्हीकडे पाहणारे साम्राज्य सांगतो. दक्षिणेचा गंडभेरुंड दोन्हीकडे भक्ष्य धरणारे बळ सांगतो. रूप सारखे म्हणून वाक्य सारखे होत नाही.

म्हैसूरच्या वडेयरांकडे हा पक्षी विजयनगरचा वारसा म्हणून आला. मूळचे हे विजयनगरचे मांडलिक. १६१० साली राजा वडेयरांनी श्रीरंगपट्टण घेतले आणि विजयनगरचा दसराही आपला केला. मधली हैदर-टिपूंची वर्षे वगळता हीच परंपरा १७९९ नंतर पुन्हा सुरू झाली. विसाव्या शतकात या दरबारात मराठी घराण्यातला माणूसही दिवाणपदी होता. तंजावरच्या टी. माधवरावांचे पुत्र टी. आनंदराव १९०९ ते १९१२ या काळात म्हैसूरचे दिवाण होते. हेन्री आयर्विन याच्या आराखड्यानुसार १८९७ साली सुरू झालेला आजचा राजवाडा पुरा झाला तो त्यांच्याच कारकिर्दीच्या अखेरीस. गंडभेरुंडाची मोहोर असलेल्या कागदांवर एका मराठीभाषक माणसाची सही होत होती, हे मी वडिलांना सांगितले असते तर ते काय म्हणाले असते, याची कल्पना मला करता येते. “नोकरी आणि गाव यांत फरक आहे,” असे म्हणाले असते. आणि ते खोटे नव्हते.

म्हैसूरच्या मुद्रेतील पक्ष्याकडे नीट पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. अच्युतरायाच्या नाण्यावर त्याच्या चोचीत असलेले हत्ती येथे नाहीत. चोची रिकाम्या आहेत. हत्ती सिंहाशी एकदेह होऊन ढालीच्या दोन्ही बाजूंना आधाराला उभा राहिला आहे. चित्रकाराने हे जाणून केले की शोभेसाठी, हे ठरवता येणार नाही. पण मांडलिकाचा राजा झाला, राजाचा संस्थानिक झाला, आणि त्या उतरणीत कोठे तरी भक्ष्य सुटून गेले. रिकाम्या चोचीखाली तेव्हा शब्द आले.

ते शब्द असे : सत्यमेवोद्धराम्यहम्. मी सत्यालाच उचलून धरतो, सत्याचाच उद्धार करतो. राजवाड्याच्या मुख्य प्रवेशकमानीवर मुद्रेभोवती आणखी एक वाक्य आहे : न बिभेति कदाचन. तो कधीही भीत नाही. हे तैत्तिरीय उपनिषदातले. पण उपनिषदात न भिणारा कोण? ब्रह्माचा आनंद जाणणारा. कमानीवर तो कर्ता गळून पडला आहे. कर्त्याविना उरलेले क्रियापद कमानीखालून हत्तीवरून जाणाऱ्याला आपोआप लागू होते. ग्रंथातले वाक्य दगडावर आणताना काय कापले जाते, ते पाहण्यासाठी साहित्याच्या विद्यार्थ्याने एकदा या कमानीखाली उभे राहावे. संदर्भाचा छेद म्हणजे काय, हे समीक्षेच्या चार ग्रंथांपेक्षा तेथे लवकर कळेल.

‘सत्यमेव जयते’ हेही कापून घेतलेलेच वाक्य आहे. मुंडक उपनिषदाच्या तिसऱ्या मुंडकात त्याच्या पुढे लगेच असत्याचा निषेध येतो आणि मग देवयानमार्गाचे, ऋषींच्या प्रवासाचे वर्णन. राजमुद्रेवर त्यातला पहिला तुकडाच आला. ‘जयते’ हे रूपही वैयाकरणाला खटकावे असे. ‘जि’ धातूचे नेहमीचे रूप ‘जयति’. आर्ष प्रयोग म्हणून ते सोडून दिले जाते.

पण म्हैसूरचे जुने वाक्य आणि हे नवे वाक्य शेजारी ठेवून पाहावे. दोन्हींचा आरंभ एकच : सत्यमेव. पुढे वाटा फुटतात. पहिल्यात सत्य हे कर्म आहे आणि कर्ता ‘अहम्’. दुसऱ्यात सत्य हाच कर्ता आणि अहम् नाहीसा झाला आहे. राजा म्हणतो, मी आहे म्हणून सत्य उभे आहे. प्रजासत्ताक म्हणते, कोणी असो वा नसो, जिंकते ते सत्यच. राज्य विलीन झाले, तनखे ठरले आणि पुढे १९७१ साली गेले, या सर्व घडामोडींचा इतिहास पुस्तकांतून वाचता येतो. त्याचा व्याकरणातला उतारा मात्र एवढाच : उत्तमपुरुषी क्रियापद गेले आणि प्रथमपुरुषी आले. (संस्कृत व्याकरणात आपल्या ‘मी’ला उत्तमपुरुष म्हणतात आणि ‘तो’ला प्रथमपुरुष, त्या गंमतीत येथे शिरत नाही.) अर्थात ज्याला ‘अहम्’ म्हणावयाचे तो पक्षी दोन मुखांचा. त्यातले कोणते मुख ‘मी’ म्हणत होते, हा प्रश्न दरबारी पंडितांना पडल्याचे माझ्या वाचनात नाही.

येथवर सारे प्रजासत्ताकाच्या बाजूने सरळ दिसते. परंतु आद्य शंकराचार्यांचे भाष्य उघडले की गाठ पडते. ते म्हणतात, सत्य जिंकते म्हणजे सत्यवान मनुष्य जिंकतो. ज्यांना पुरुषाचा आश्रय नाही, अशा नुसत्या सत्याला किंवा असत्याला जयही नाही आणि पराजयही नाही. म्हणजे ज्याला आपण ओळीतून हद्दपार केले तो कर्ता भाष्यकाराने मागल्या दाराने आत घेतला. तो राजाच असला पाहिजे असे नव्हे. पण कोणी तरी असला पाहिजे. राजमुद्रा ज्या कागदावर उमटते त्याच्या तळाशी सही लागते, ती याचसाठी, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे. सीमाभागातल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. आमच्या घरी १९५६ नंतर आलेल्या प्रत्येक कागदावर सत्याच्या जयाची ग्वाही होती आणि कागदाची भाषा आजीला वाचता येत नव्हती. सत्य कोणत्या भाषेत जिंकते, हा प्रश्न मुंडकात नाही.

अभ्यासवर्गात भाषांतराच्या निमित्ताने या ओळीची जी रूपे माझ्यापुढे आली, ती येथे नोंदवण्यासारखी आहेत. बहुतेकांनी ‘सत्य नेहमी जिंकते’ या अर्थाचे वाक्य लिहिले. मूळात ‘नेहमी’ कोठे आहे? मराठीला ‘एव’साठी ‘च’ हे एक अक्षर आहे आणि ते कोठे जोडावे यावर सारा अर्थ अवलंबून आहे. ‘सत्य जिंकतेच’ म्हटले तर ते आश्वासन होते. खटला हरलेल्या, जमीन गेलेल्या माणसाला ते ऐकवणे क्रूरपणाचे होईल. ‘सत्यच जिंकते’ म्हटले तर ती व्याख्या होते : जे जिंकल्यासारखे दिसते पण सत्य नाही, त्याला जय म्हणू नका. संस्कृतात ‘एव’ सत्याला लागला आहे, जयाला नव्हे. ‘सत्याचाच विजय होतो’ हे आपले रूढ भाषांतर त्या दृष्टीने प्रामाणिक आहे. ही ओळ मला प्रिय आहे ती यामुळे. ती काळाबद्दल काहीच बोलत नाही. उद्या की शंभर वर्षांनी, याचा शब्द ती देत नाही.

सिंह अशोकाचे आणि ओळ उपनिषदाची, ही जोडी १९५० साली जुळवली गेली. अशोकाच्या स्तंभशीर्षावर ही ओळ नव्हती. पण अशोक सत्याबद्दल काही बोललाच नाही असे नाही, आणि जेथे बोलला ती जागा जुन्या म्हैसूर संस्थानातच आहे. चित्रदुर्ग जिल्ह्यात मोळकाल्मूरु तालुक्यातील ब्रह्मगिरी येथे म्हैसूरच्या पुराणवस्तू खात्याचे बी. एल. राइस यांना १८९२ साली एक शिलालेख सापडला. सुवर्णगिरीच्या आर्यपुत्राकडून इसिला येथील महामात्रांना पाठवलेला तो आदेश आहे. देवांना प्रिय असे स्वतःला म्हणवणाऱ्या राजाचे त्यात नाव नाही. तो राजा अशोक, याला दुजोरा मिळाला तो रायचूर जिल्ह्यातल्या मस्कीच्या लेखाने, १९१५ साली. ब्रह्मगिरीच्या लेखाच्या दुसऱ्या भागात सांगितले आहे की आईवडिलांची सेवा करावी, प्राण्यांविषयी दृढ करुणा बाळगावी आणि सत्य बोलावे. शिष्याने आचार्यांचा आदर करावा. ही जुनी रीत आहे आणि ती दीर्घायुष्य देणारी आहे. येथे ना ‘मी’ आहे, ना जय आहे. नुसता विध्यर्थ आहे, शेजारी आईबाप आहेत.

मी तेथे गेलो तो उन्हाळ्याच्या तोंडाशी. ओसाड खडकाळ माळ, तापलेले गोटे. लेखाची बहुतेक अक्षरे ब्राह्मीतली आहेत; १८३७ साली प्रिन्सेपने त्या लिपीची किल्ली शोधून काढल्यापासून ती विद्वानांना वाचता येतात. शेवटी लेखकाने आपले नाव दिले आहे : चपड. त्यापुढचा एक शब्द मात्र त्याने खरोष्ठीत कोरला आहे, उजवीकडून डावीकडे. ती वायव्येकडची, गांधाराची लिपी. राजाचा आदेश त्याने दिलेल्या लिपीत इमाने उतरवला आणि ‘लिपिकाराने’ एवढा शब्द त्या लिपीत लिहिला, जी इसिलाच्या पंचक्रोशीत बहुधा त्याच्याखेरीज कोणालाच वाचता येत नसावी. मी बराच वेळ त्या एका शब्दापाशी बसलो होतो. पाठीशी असलेल्या रखवालदाराने कन्नडमध्ये विचारले की काय लिहिले आहे तेथे. मी माझ्या निपाणीच्या कन्नडमध्ये त्याला सांगितले, लिहिणाऱ्याने आपला धंदा सांगितला आहे.